मनोऱ्यावरची दीक्षा

“पण महाराज, दीक्षा मनोऱ्याच्या माथ्यावरच द्याल ना?”

दिगंबरानं हे सकाळपासून कितव्यांदा विचारलं, देव जाणे.

“माथ्यावरच कशाला रे?” सोमगीरबुवा म्हणाले.

“तिथून सगळं शहर पायाखाली दिसतं. हा बाजार, ही रेटारेटी… सगळं मुंगीएवढं. संन्यास घ्यायचा तर जगाच्या वर उभं राहून घ्यावा.”

“बरं. चल मग.”

बुवा इतक्या सहज हो म्हणाले म्हटल्यावर दुसरा कुणी चपापला असता. हा पठ्ठ्या हरखून गेला. उपनिषदं तोंडपाठ, वाणी खणखणीत. पण कुठं थबकावं ते काही कळायचं नाही. आणि घाई होतीच म्हणा. बुवा उद्या पहाटे नर्मदा परिक्रमेला निघणार होते. वय झालेलं, पुन्हा भेट होईल न होईल. जे व्हायचं ते आजच, आणि मनोऱ्याचं दार तर दिवस मावळताच बंद व्हायचं.

चौकात रिक्षांचा नुसता कलकलाट. फुलवाले, चपलावाले, भेळेच्या गाड्या, आणि मधोमध तो जुना दगडी मनोरा. तिकिटं काढून दोघं आत शिरले. दिगंबराच्या काखेत कोरी भगवी छाटी होती, स्वतःच्या हातानं गेरूत रंगवलेली.

जिना गोल, अंधारा, अरुंद. कुणी उतरत आलं की चढणाऱ्यानं भिंतीला चिकटायचं. बुवा प्रत्येकाला वाट देत होते. “या, सावकाश या.” दिगंबराचा जीव मात्र वर-खाली होत होता.

अर्ध्या वाटेत एक म्हातारी पायरीवर बसली होती, भिंत धरून थरथरत.

“सून पोरांमागं खाली गेली… डोळ्यांपुढं अंधारी आली बघ. पाऊल टाकायचं भ्या वाटतंय रे, लेकरा.”

लोक अंग चोरून तिच्या बाजूनं निघून जात होते.

बुवा तिथंच टेकले. “माझे गुडघे बोलायला लागले. मी जरा बसतो.”

“महाराज, दार बंद होईल!”

“होईल.”

“मग दीक्षा…?”

बुवा गुडघे चोळत राहिले.

दिगंबराला राग आला. खरं सांगायचं तर म्हातारीचासुद्धा आला. झरोक्यातून मावळतीचं ऊन येत होतं, माथा जवळच होता. त्यानं एक पाय वरच्या पायरीवर ठेवलाही.

तेवढ्यात म्हातारीनं हात पुढे केला.

वाळलेला हात, मनगटावर बांगड्या सैल झालेल्या. घर सोडताना आईनं अगदी असाच हात पुढे केला होता. दिगंबरानं तो धरला नव्हता…

जिन्यात दोघं शेजारी मावेनात. शेवटी त्यानं काखेतली छाटी उलगडली. एक टोक तिच्या मनगटाला गुंडाळलं, दुसरं आपल्या कमरेला बांधलं आणि तिच्याकडे तोंड करून तो उलट्या पावलांनी उतरू लागला.

“मी खाली आहे, आजी. पडलात तर माझ्यावर पडाल. हं… आता डावा पाय.”

“आई आहे का रे तुला?”

“…आहे.”

“भाग्याची गं बाई ती.”

पुढची काही वळणं दिगंबर नुसता पाय ठेवायची जागा हातानं दाखवत राहिला.

खाली सून धावत आली. म्हातारीनं त्याच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि ती गर्दीत निघून गेली.

मागे पहारेकऱ्याची शिट्टी वाजली. “चला, बंद झालं! आता वर कुणी जायचं नाही!”

बुवा भिंत धरत एकेक पायरी उतरत आले. दिगंबर दाराशी उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. हातातली छाटी धुळीनं माखली होती, एका टोकाला फाटली होती.

“महाराज, माझं वर जाणं राहूनच गेलं…”

बुवांनी ती मळकी छाटी त्याच्या हातातून घेतली. न झटकता त्याच्या खांद्यावर घातली, नीट सारखी केली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

“आता सांग बाळा… वरून शहर कसं दिसलं?”