खुराड्यापुढचा तिसरा दगड

पूर्वी कुसुंभ नगरात अरिजित नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका बुरुडाच्या कुळात जन्मला. त्याचे नाव वेणुक. कारागिरांच्या गल्लीत त्याचे घर होते, घरामागे लहानसे परस होते, आणि त्या परसात नऊ कोंबड्या व एक कोंबडा होता. बुरुडाने सुपे विणावीत, टोपल्या विणाव्यात, त्याला पाखरांचा लळा कशाला, असे गल्लीतले लोक म्हणत. लोकांचे अगदीच चूक होते असे नाही. पण ती पाखरे त्याच्याकडे येण्याला कारण घडले होते.

त्या नगरात वसंतोत्सवात कोंबड्यांच्या झुंजी लागत. हरलेले कोंबडे आणि अंडी देईनाशा झालेल्या कोंबड्या उत्सव संपला की राजाच्या पाकशाळेत जात. एका वर्षी वेणुक तिथे टोपल्या पोचवायला गेला, तेव्हा ही दहा पाखरे पाय बांधलेल्या स्थितीत कोपऱ्यात पडली होती. कोंबड्याचा एक डोळा झुंजीत गेला होता आणि उरलेल्या डोळ्याने तो वेणुककडे पाहत होता. वेणुकने टोपल्यांच्या बदल्यात पाखरे मागून घेतली. घरी आणून त्यांच्या पायांच्या दोऱ्या सोडताना तो म्हणाला, "पुन्हा त्या दारात तुम्हाला पाठवणार नाही." कोंबड्यांना शब्द देणारा नवरा पाहून त्याची बायको वेत्रा पोट धरून हसली. वेणुक हसला नाही. शब्द कोणाला दिला यावरून तो लहानमोठा होतो, असे त्याला वाटत नसे.

आता त्या गल्लीची एक रीत होती. शेजाऱ्याकडची एखादी गोष्ट सोसवेनाशी झाली, तर भांडायचे नाही. त्या गोष्टीपुढे आपल्या घराची खूण असलेला एक काळा दगड नेऊन ठेवायचा. कारण सांगायचे नाही, आणि विचारायचेही नाही. ज्याच्याकडे दगड आला त्याने ते ओळखून दूर करायचे. मग ज्याने दगड ठेवला त्यानेच तो उचलायचा. एका गोष्टीपुढे तीन घरांचे तीन दगड जमले आणि येत्या पौर्णिमेच्या सकाळपर्यंत ते सगळे उचलले गेले नाहीत, तर ती गोष्ट गल्लीबाहेर जाई. मात्र कोणाच्या धंद्यावर दगड ठेवायला सक्त मनाई होती. कुंभाराच्या थापटण्यावर आणि कासाराच्या ठोक्यावर बोट ठेवले तर घरोघरी चुली विझतील, हे सगळे जाणून होते. रीत शहाण्या माणसांनी घातली होती. शहाण्यांच्या रीतीत जेवढी खोट असायची तेवढी तिच्यातही होती.

शुद्ध अष्टमीच्या सकाळी वेणुक परसात गेला, तर खुराड्यापुढे तीन दगड ओळीने ठेवलेले. एकावर फुलाची खूण होती, तो उजवीकडच्या पाटला माळणीचा. एकावर चाकाची, तो समोरच्या कुंभाराचा. तिसऱ्यावर वाटीची खूण होती, तो डावीकडच्या रोहकचा. रोहक राजवाड्यात घटका मोजण्याच्या कामावर होता. भोक पाडलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक टोला द्यायचा, असे त्याचे रात्रभर चाले आणि दिवस उगवल्यावर तो घरी येऊन झोपे.

गल्लीचा प्रमुख विपुल दुपारी आला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला लवकर निकाल लागलेला आवडे. तो म्हणाला, "वेणुक, इतर गल्ल्यांत विचारून आलो. दहा म्हाताऱ्या कोंबड्या कुणालाच नकोत. पाकशाळेचा माणूस मात्र न्यायला तयार आहे. उगाच पौर्णिमेपर्यंत ताणू नकोस."

"पौर्णिमेपर्यंतचे दिवस रीतीनं माझे आहेत ना?" वेणुकने विचारले.

"आहेत."

"मग ते मला लागतील."

विपुल गेल्यावर वेत्रा संतापून म्हणाली, "तुम्हीही दगड ठेवा. पाटला माळणीच्या शेणखताचा वास आपण सोसतोच की. कुंभाराच्या भट्टीचा धूर सोसतो. टाका एकेकाच्या दारात."

वेणुक म्हणाला, "दगड वाढवून दगड कमी कसे होतील? मी पाखरं सोडणार नाही, आणि शेजारीही सोडणार नाही. दोन्ही राखायचं ठरवलंय." बायकोला हे पटले नाही, आणि तिने ते भांडी आपटून कळवले.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच वेणुकने कोयता हातात घेतला. माळणीची शेवंतीची कोवळी रोपे कोंबड्यांनी उकरली होती, हे त्याने तिच्या वाफ्याकडे पाहून ओळखले. कुंभाराच्या ओल्या मडक्यांवर कोंबड्यांची पावले उमटलेली होती, आणि पाखराच्या बोटांची नक्षी असलेले मडके घ्यायला गिऱ्हाईक काही केल्या तयार होत नव्हते. वेणुकने बांबू फोडले, कामट्या काढल्या आणि परसाभोवती पुरुषभर उंचीचे कूड विणायला घेतले. पहाटे सुरू केलेले काम दिवस मावळेपर्यंत चाले. वेत्राही बडबडत का होईना, दुसरा कोयता घेऊन बसली. खुराड्यात त्याने राख आणि भाताचे तूस पसरले. जुनी घाण कुजवून तिचे खत माळणीच्या वाफ्यात नेऊन घातले आणि उकरलेली रोपे स्वतः पुन्हा लावली. माळणीने दोन दिवस तोंड फिरवून घेतले. तिसऱ्या दिवशी ती आली, दगड उचलून ओच्यात टाकला आणि म्हणाली, "खत आणखी असेल तर दे." कुंभाराने एक दिवस जास्त घेतला. कूड हलवून पाहिले, त्याखालून हात घालून पाहिला, आणि मग तोही आपला दगड घेऊन गेला.

रोहकचा दगड जागचा हलला नाही.

रोहकला कोंबड्याच्या आरवण्याचा त्रास होतो, यात गल्लीत कोणालाच शंका नव्हती. वेणुकलाही नव्हती. मान ताणल्यावाचून कोंबड्याला आरवता येत नाही, म्हणून वेणुकने एक बसके डालगे विणले आणि रोहकच्या झोपेच्या वेळी तो कोंबड्याला त्याखाली ठेवू लागला. कोंबडा घशातल्या घशात काहीतरी पुटपुटे आणि गप्प बसे. त्याला तसे बसलेले पाहून वेणुकला फार वाईट वाटे. तरी दगड तिथेच होता. आवाज अडावा म्हणून त्याने डालग्यावर बांबूच्या तट्ट्या बांधल्या, तट्ट्यांवर आणखी तट्ट्या बांधल्या. त्यासाठी तो दिवसेंदिवस आणखी लवकर उठून कामाला लागला. वाटेत भेटलेल्या रोहकचे डोळे मात्र रोज जास्तच लाल दिसत, आणि तो वेणुकचा नमस्कार न घेताच पुढे जाई.

असा चतुर्दशीचा दिवस उजाडला. पाकशाळेचा माणूस गल्लीच्या तोंडाशी येऊन दहा पाखरे मावतील असा पिंजरा ठेवून गेला. वेत्रा त्या पिंजऱ्याकडे पाहून रडली. हसली होती तीच. वेणुक खुराड्याजवळ बसून राहिला. मग त्याच्या ध्यानात आले, की इतके दिवस तो आपल्याच परसात उभा राहून शेजाऱ्याचे दुःख शोधत होता. तो उठून थेट रोहकच्या दारात गेला. रोहक नुकताच कामावरून येऊन पाय धूत होता.

"भाऊ, कारण विचारायची रीत नाही, म्हणून विचारत नाही," वेणुक म्हणाला. "पण आजची सकाळ मला तुमच्या घरात निजू द्या."

रोहकने पाय पुसले. मग त्याने आपल्या चटईशेजारी दुसरी चटई टाकली.

वेणुक भिंतीकडे डोके करून पडला. कोंबड्याचा आवाज आला नाही. कोंबड्यांची बारीक कुरकुर सुरू होती, तीही कान दिला तरच कळणारी. एवढ्यात भिंतीपलीकडे 'खाड्' असा आवाज झाला आणि जमीन हादरली. लगेच दुसरा. मग बांबू उभा चिरत गेल्याचा करकराट, मग पुन्हा 'खाड्'. वेत्रा कामाला बसली होती, आणि आज ती रागात असल्यामुळे कोयता जरा जोरातच चालत होता. वेणुकच्या डोक्यात प्रत्येक घाव बसत होता. तो उठून बसला. शेजारी रोहकही डोळे उघडे ठेवून आढ्याकडे पाहत पडलेला होता.

"हे रोजचं आहे?" वेणुकने विचारले.

रोहक कुशीवर वळला. मग म्हणाला, "आधी दुपारी असायचं. दोन महिने झाले, तू सकाळी फोडायला बसतोस. आणि या आठवड्यात तर बघायलाच नको. दोनदा मला कामावर डुलकी लागली. वाटी बुडाली, टोला द्यायचा राहिला. तिसऱ्यांदा चुकलो तर काम गेलं."

"मग मला सांगायचं."

"काय सांगायचं? धंद्यावर दगड ठेवायचा नाही. तुझ्या पोटावर पाय देऊ?"

"आणि कोंबडा?"

"कोंबडा आरवतो तेव्हा मी वाड्यावर असतो." रोहकचा आवाज खाली आला. "त्या दिवशी तुझ्या खुराड्यापुढे दोन दगड दिसले. माझा राग कोयत्यावर होता. तो पाखरांवर काढला. ती मरतील हे मला माहीत होतं, वेणुक. तरी ठेवला. तेव्हापासून तुझ्याकडे बघवत नव्हतं."

वेणुकला हसूही आले आणि लाजही वाटली. शेजाऱ्याला झोप लागावी म्हणून त्याने सहा दिवस शेजाऱ्याच्या उशाशी बांबू फोडले होते. तो म्हणाला, "भाऊ, चूक माझी. आजपासून बांबू नदीवर फोडीन. इथं फक्त विणीन. विणण्याला आवाज नसतो."

"अर्ध्या कोसावर नदी आहे. रोज भारा वाहणार?"

"वाहीन."

रोहक उठला, तसाच अनवाणी वेणुकच्या परसात गेला आणि त्याने दगड उचलला. आतल्या बसक्या डालग्याकडे त्याची नजर गेली. त्याने ते आपल्या हाताने वर केले. कोंबडा बाहेर आला, अंग झाडले, आणि भर सकाळी रोहकच्या अगदी कानाशी आरवला. रोहक तिथेच खाली बसला आणि तोंड झाकून रडला. त्या दिवशी तो सूर्य मावळेपर्यंत झोपला.

वेणुकने पुढे एकवीस वर्षे बांबूचा भारा नदीवर नेला, पावसाळ्यात आणि कमरेत चमक भरली असतानाही. दहाही पाखरे आपापल्या वेळी म्हातारपणाने मेली. गल्लीच्या रीतीत विपुलने एक भर घातली, की दगड ठेवणाऱ्याच्या घरी एक सकाळ घालवल्याशिवाय कोणतीच गोष्ट गल्लीबाहेर काढायची नाही.

भिक्षूंना धर्म शिकवणाऱ्या शास्त्याने ही कथा विहारात सुहेम नावाच्या तरुण भिक्षूला सांगितली. वृद्ध भिक्षू कपिश पहाटे अंगण झाडतो, त्या खराट्याच्या आवाजाने ध्यान लागत नाही, म्हणून त्याला दुसऱ्या कुटीत पाठवावे, अशी तक्रार घेऊन सुहेम तीन वेळा आला होता. कथा संपल्यावर शास्ता म्हणाला, "तेव्हाची पाटला आणि कुंभार आज या विहाराचे उपासक आहेत. वेत्रा आज आपल्याला भिक्षा वाढणारी गृहिणी आहे. एका डोळ्याचा कोंबडा म्हणजे हा कपिश. रोहक तू होतास, आणि बुरूड मी होतो. आता खराट्याचे राहू दे, सुहेम. खरे काय ते सांग."

 सुहेम म्हणाला, "भन्ते, पावसाळ्यातला वर्षावास संपल्यापासून कपिश भन्ते माझ्याशी बोललेले नाहीत."

कपिश सभेत मागे बसला होता. तो म्हणाला, "मला कमी ऐकू येतं रे. तू बोललास हे मला कळलंच नसेल." आणि तो उठून सुहेमच्या शेजारी येऊन बसला.

पाखरांना दिलेला शब्द आणि शेजाऱ्याचे सुख, यांतले एकही न सोडता दोन्ही शेवटपर्यंत वाहून नेण्याचा जो निश्चय बोधिसत्त्वाने त्या जन्मी केला, त्याला अधिष्ठान पारमिता म्हणतात.