पाच काटे

“मग त्या दिवशी झकास का म्हणालासा?”

बाबालाल उस्ताद हातातला कार्बोरेटर रॉकेलच्या ताटलीत बुडवून ब्रशनं घासत राहिले.

सर्जेरावानं टॉवेलात गुंडाळून आणलेलं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि टॉवेल बाजूला केला. मोडक्या जीपच्या डॅशबोर्डमधून उपसून काढलेलं मीटरचं पॅनेल. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यात पाच गोल मीटर. पत्रा एका कोपऱ्यात मुडपला होता, पण काचा पाचही शाबूत. नशिबाची तऱ्हा बघा, काचेला ओरखडा नाही आणि पोराचा पाय गुडघ्याखाली गेला.

पोर म्हणजे सर्जेरावाचा धाकटा भाऊ, सुजित. डोंगरातल्या जीपच्या शर्यतीत ऐन चढावर इंजिन जाम झालं, चाकं अडली, गाडी मागं घसरली आणि उलटली. पाण्याचा पाइप फुटून इंजिन तापलं होतं. मीटरनं ते दाखवलं होतं. सुजितला ते कळलं नव्हतं.

घरात, गल्लीत, शर्यतवाल्यांत एकच बोलणं. पोरगं बेफिकीर, मीटरकडं बघितलंच नाही. गेल्या शुक्रवारपासून तर दवाखान्यातल्या खाटेवरून सुजितही तेच म्हणायला लागला होता. माझीच चूक, दादा.

पण सर्जेरावाला जेवण जात नव्हतं. पॅनेल त्यानं बसवलं होतं. दोष भावाचा की आपल्या हाताचा, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच, आणि अकरा वर्षं त्याच्याच हाताखाली काढलेली.

“घरी जा, सर्जेराव,” उस्ताद म्हणाले. “भावाजवळ बस.”

“ऐकल्याशिवाय जात न्हाई. पॅनेलमध्ये चूक होती का नव्हती?”

उस्तादांनी ब्रश पुन्हा रॉकेलमध्ये बुडवला.

“होती म्हणा, न्हाईतर नव्हती म्हणा. पण बोला.”

उस्तादांनी हात पुसले. पॅनेल उचलून उजेडाकडं धरलं.

काम दृष्ट लागावी असं होतं, खोटं कशाला बोला. भोकांच्या कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या. पाणसळ लावून एकेक मीटर बसवलेला. पाचही मीटरवरची अक्षरं एका ओळीत, शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. स्वतःच्या नव्या गॅरेजच्या पूजेला सर्जेरावानं हीच जीप दारात उभी केली होती. लोक फोटो काढत होते. उस्ताद आले, वाकून बघितलं, एका मीटरच्या काचेवर थोडा वेळ बोट ठेवलं. झकास, म्हणाले आणि जेवायला न थांबता निघून गेले.

“ह्यो ऑइलचा,” उस्ताद आता म्हणाले. “इंजिन ठणठणीत असताना काटा कुठं असतो?”

“चारवर.”

टायरवर खुणा करायचा पिवळा मेणखडू घेऊन उस्तादांनी काचेवर चारपाशी रेघ मारली. ती डाव्या अंगाला आली.

“पाण्याच्या गरमीचा?”

“ऐंशीवर.”

दुसरी रेघ. ती उजव्या अंगाला गेली.

पाचही विचारले, पाचांवरही रेघा मारल्या. एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं.

“आता तू चढावर आहेस. गाडी उसळतीय, दोन्ही हात स्टेअरिंगवर. एकदा नजर टाक आणि सांग, कुठला काटा जागेवर न्हाई?”

सर्जेराव वाकला. वाचायला लागला. पहिला… दुसरा…

“उलटली,” उस्ताद म्हणाले.

मग त्यांनी आठचा पाना घेतला. मागचे क्लॅम्प सैल करून एकेक मीटर जागच्या जागी फिरवला आणि पुन्हा आवळला. पाचही रेघा सरळ वर आल्या. अक्षरं मात्र वाकडी झाली, कुठं आडवी, कुठं पार कलंडलेली. इतक्या निगुतीनं केलेलं काम, आता दारुड्यानं बसवल्यासारखं दिसायला लागलं. पण आता वाचायचं कामच उरलं नव्हतं. पाचही काटे उभे तर गाडी ठीक. एक जरी कलला तर थांबायचं. नुसती नजर गेली तरी कळलं असतं.

चहा निवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

सर्जेराव स्टुलावर बसला. सुजित शुद्धीवर आला तेव्हा पहिलं काय बोलला होता, ते त्याला आठवलं. बघितलं रे दादा मी, मला उमगलंच नाही. एकदाच बोलला, मग पुन्हा कधी नाही. म्हणजे पोरानं बघितलं होतं.

“दोन मिनिटांचं काम,” तो शेवटी म्हणाला. “आणि तुम्हाला त्या दिवशीच दिसलं होतं.”

“दिसलं होतं.”

“आणि तुम्ही…” शिवी ओठांवर आली होती, ती त्यानं गिळली.

“पूजेला पन्नास माणसांत तू मला म्हणालास, उस्ताद, तुमच्या हातनं कधी असलं काम झालं होतं का?” उस्ताद पान्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवत होते. “राग आला मला. म्हटलं, विचारायला येईल तेव्हा सांगू.”

“मी माजलो होतो, कबूल. पण सुजित? त्यानं तुमचं काय घोडं मारलं होतं?”

उस्तादांनी पाना टेबलावर ठेवला आणि कार्बोरेटर पुन्हा हातात घेतला. म्हातारा काहीतरी बोलला असता, तर सर्जेरावाला निदान भांडता तरी आलं असतं.

“चला,” सर्जेराव उठला. “आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. पोरगं तिथं सगळ्यांची बोलणी खातंय, स्वतःला दोष देत पडलंय. चूक कुणाची ते त्याला सांगा. तुमच्या तोंडानं, माझ्यासमोर.”

उस्ताद जागचे हलले नाहीत.

“का? भ्यालासा?”

“शुक्रवारी जाऊन आलो,” उस्ताद म्हणाले. “सगळं सांगितलं. तुझं सांगितलं, माझंही सांगितलं… भिंतीकडं तोंड करून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, दादाला कळू देऊ नका.”