टिल्लीची गादी कशानं भिजली?

सांगा बघू, पाऊस तर पडतो बाहेर. मग गाडीच्या आत पाणी कसं येतं?

गेनूमामांचा होता एक टेम्पो. केळी नेणारा. त्याच्या सीटखाली राहायची एक उंदरीण. इवलीशी! नाव तिचं टिल्ली. टिल्लीची होती कापसाची गादी. मऊ मऊ.

दसरा झाला. मामांनी टेम्पोला पुढं, काचेपाशी माळ बांधली. झेंडूची आणि आंब्याच्या पानांची. आणि मग आला पाऊस. टप टप, टप टप! टिल्लीची गादी भिजली. टिल्ली कुडकुडली. आक्‌छी!

टिल्ली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गादीखाली होती मॅट.

"मॅटताई, मॅटताई,
गादी सुकेना,
झोपू कुठं मी?"

"अगं, मीच ओली चिंब! पत्र्यावरून पाणी येतंय. पत्रा गळायचा थांबला, तर सुकेन."

टिल्ली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पत्रेकाका, पत्रेकाका,
मॅट सुकेना,
गादी सुकेना,
झोपू कुठं मी?"

"मी काय करू? पुढच्या काचेखाली पाणी वाहून जायचं भोक आहे, ते पाणीच पीत नाही. सगळं माझ्या अंगावर! भोक प्यालं, तर थांबेन."

टिल्ली बाहेर आली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"भोकोबा, भोकोबा,
पत्रा थांबेना,
मॅट सुकेना,
गादी सुकेना,
झोपू कुठं मी?"

"ऊं ऊं! माझ्या तोंडात पान अडकलंय. पान हललं, तर पिईन."

टिल्लीनं पान ओढलं. हुश्श! पान जागचं हलेना.

"पानोबा, पानोबा,
भोक पिईना,
पत्रा थांबेना,
मॅट सुकेना,
गादी सुकेना,
झोपू कुठं मी?"

"मी माळेतलं पान. मला बांधलंय ना! गाठ सुटली, तर हलेन."

टिल्ली वर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"गाठीबाई, गाठीबाई,
पान हलेना,
भोक पिईना,
पत्रा थांबेना,
मॅट सुकेना,
गादी सुकेना,
झोपू कुठं मी?"

"मी मामांची गाठ! एकदम घट्ट! मामांनी सोडली, तर सुटेन."

मामा ओट्यावर चहा पीत होते. फुर्र, फुर्र!

"गेनूमामा, गेनूमामा,
गाठ सुटेना,
पान हलेना,
भोक पिईना,
पत्रा थांबेना,
मॅट सुकेना,
गादी सुकेना,
झोपू कुठं मी?"

"छे छे! दसऱ्याची माळ ती. राहू दे की! आणि आत कुठलं आलंय पाणी? काच लावलीय मी."

"मग आत येऊन बघा!"

"चल, बघतो. पण खोटं निघालं तर बघ हं, टिल्ले!"

मामा नेहमी चपला काढूनच टेम्पोत चढायचे. त्यांनी चपला काढल्या. मॅटवर पाय ठेवला.

पच्च!

"अरे बापरे! गार गार!" मामा ओरडले. "खरंच की गं! माझ्याच माळेनं केलं होय हे?"

मामा धावत पुढं गेले.

मामांनी गाठ सोडली.
गाठ सुटली, पान हललं.
पान हललं, भोक प्यालं. गट गट गट गट!
भोक प्यालं, पत्रा थांबला.
पत्रा थांबला, मॅट सुकली.
मॅट सुकली, गादी सुकली.

मामांनी माळ झाडाच्या बुंध्याशी ठेवली. वर टिल्लीला मूठभर नवा कापूसही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाऊस आला. टेम्पो केळी घेऊन बाजारात गेला, आणि टिल्ली सीटखाली झोपून राहिली.