कवडीचे ताट

पूर्वी शूर्पारक बंदरावर जयंतक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका धान्यव्यापाऱ्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. पावसाळ्याच्या तोंडावर एक बातमी आली, तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. सोमिल वखारीच्या दारात बसून तांदळातले खडे पाहत होता. एक खलाशी आला आणि बस म्हटले तरी उभाच राहिला.

"श्रेष्ठी, गलबत खडकावर फुटलं," तो म्हणाला. "तुमचा भद्रिल हाती लागला नाही."

सोमिलने हातातले सूप खाली ठेवले आणि खलाशाला पाणी दिले. तांदूळ उन्हात पसरलेला होता, म्हणून माणसांना काम चालू ठेवायला सांगून तो घरी गेला.

घरी त्याची पत्नी विजिता होती आणि वडिलांची विधवा बहीण नागसिरी. भद्रिल हा एकुलता मुलगा. वखारीपेक्षा त्याला गलबतांचे वेड जास्त. पहिल्यांदाच समुद्रावर निघताना त्याने आपली मांजर आईच्या मांडीवर ठेवली होती. पांढऱ्या अंगावर पिवळट ठिपके, म्हणून तिला तो कवडी म्हणत असे.

समुद्रात गेलेल्या माणसासाठी शूर्पारकात एक रीत होती. देह मिळाला नाही, तर पावसाळा संपेपर्यंत रोज त्याच्या नावाचे ताट वाढायचे. त्यात त्याला आवडे तेच पदार्थ, त्याच्याच चवीचे. ते ताट घरातल्या मुक्या जनावरापुढे ठेवायचे. जनावर जेवले की तो जेवला. पुढे समुद्र खुला झाला की ताट किनाऱ्यावरच्या वाळूत पालथे घालून यायचे. मग घराने त्याला गेलेला म्हणायचे. त्याआधी नाही.

"माझ्या धाकट्या भावाचं ताट आमच्या गाईनं खाल्लं होतं," नागसिरी म्हणाली. "आणि त्याला तर मासे आवडायचे."

"गाईनं मासे खाल्ले, आत्याबाई?" विजिताने विचारले.

"चाटले. मध्ये बोलू नकोस."

बातमी आल्यापासून विजिता पहिल्यांदाच काही बोलली होती. सोमिलने ते ऐकले आणि ताटाविषयी त्याच्या मनात जे आले होते ते मनातच ठेवले.

विजिता रोज पहाटे उठून वाटण वाटू लागली. भद्रिलला कांदा-लसणाच्या वाटणातला मासा आवडे, खारवलेली कोलंबी आवडे, मनुका घातलेली दाट खीर आवडे. तिन्ही पदार्थ कवडीपुढे येत. माशाच्या वासाने कवडी ताट चाटूनपुसून खाई. ती खात असताना विजिता समोर बसून राही, आणि तिचे झाल्यावर स्वतः चार घास घेई. त्याआधी ती तोंडात काही घालत नसे.

काही दिवसांनी खिरीमुळे कवडीचे पोट बिघडले. तिला सारखी तहान लागू लागली. पुढे ती चुलीपाशी नुसती पडून राहू लागली, धाप लागल्यासारखी श्वास घेऊ लागली. एके दिवशी तिने ताटाकडे पाहून तोंड फिरवले.

"रुसलाय पोरगा," नागसिरी म्हणाली. "तूप कमी पडलं असेल. नाहीतर कांदा नीट परतला नसशील."

विजिताने दुसऱ्या दिवशी कांदा दुप्पट घातला. कवडीने वास घेतला आणि ती उठून कोपऱ्यात गेली. त्या दिवशी विजिताही जेवली नाही. तिसऱ्या दिवशीही तसेच झाले.

सोमिलने कवडीला मांडीवर घेतले आणि अंगठ्याने तिचा ओठ वर केला. हिरड्या शंखासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. हे त्याने आधी एकदा पाहिले होते. उंदरांसाठी वखारीत मांजरी पाळलेल्या असत. एका लग्नाच्या जेवणातले कांदा-लसणाचे कालवण कोणीतरी त्यांना घातले होते, आणि दोन मांजरी अशाच पांढऱ्या पडून मेल्या होत्या. तेव्हापासून वखारीत मांजरींना उष्टे घालायची बंदी होती. घरात मात्र त्याने तोंड उघडले नव्हते, कारण ते ताट भद्रिलचे होते.

"अशानं ही मरेल," तो म्हणाला.

"मग दुसरी आण वखारीतली," नागसिरी म्हणाली. "तिथे काय मांजरींचा दुष्काळ आहे?"

"आणीन, आत्या. पण तिलाही हेच ताट वाढायचं ना?"

विजिता चुलीकडे तोंड करून बसली होती. आपण स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप ताट बदलू शकतो, हे सोमिलच्या मनात आले. पण फसवून वाढलेल्या ताटाने तिला आधार मिळणार नाही, हेही त्याला कळत होते. तो तिच्याजवळ जाऊन बसला.

"विजिते, ही रुसलेली नाही. आजारी आहे. आपल्याच ताटानं आजारी आहे."

"मी काय विष कालवते का त्यात?"

"तुला आणि मला ते विष नाही. कांदा, लसूण, मनुका तिच्या अंगाला चालत नाहीत. मिठाचंही तेच."

"त्याच्या चवीचं नसेल, तर ते त्याचं ताट कसं?" ती म्हणाली. "मग मी उठू कशासाठी?"

सोमिलने कवडीच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्याने विचारले, "त्याला पहिला घास कशाचा दिला होतास?"

विजिताने मान वर केली. "मऊ भाताचा. मीठ न घालता."

"आणि मासा?"

"नुसत्या पाण्यात उकडलेला. घास बोटांनी चाचपून बघायची मी, काटा राहू नये म्हणून. अंडंही उकडून कुस्करायची."

"कांदा?"

"एवढ्याशा पोराला कोणी कांदा घालतं का?"

"मग तेव्हा तो भद्रिल नव्हता का?"

विजिताने कवडीला आपल्या मांडीवर घेतले. नागसिरी मध्येच म्हणाली, "लसणाचं पाणी पाजलं होतं मी एकदा सर्दीसाठी. सगळं माझ्या अंगावर थुंकलं मेल्यानं." एवढे बोलून तिने पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी विजिताने वाटणाचा पाटा काढला नाही. तिने मासा साध्या पाण्यात उकडला आणि एकेक पदर सोडवून काटे वेगळे केले. उकडलेले काटे टोकदार होतात आणि घशात रुततात, म्हणून तिने प्रत्येक तुकडा पूर्वीसारखा दोन बोटांत चाचपला. सोमिलने जवळ बसून सांगितले तसे तिने केले. भात चिमूटभरच घेतला, कारण मांजर हा मांस खाणारा जीव, भात तिला नावापुरता पुरे. पोटासाठी उकडलेल्या दुध्याचा लहानसा गोळा कुस्करून घातला. खिरीऐवजी पाणी ठेवले.

"वैद्याचं पथ्य बरं यापेक्षा," नागसिरी म्हणाली. पण अंडे तिनेच उकडून आणले.

पहिल्या दिवशी कवडीने माशाचे पाणी तेवढे चाटले. विजिताने तेवढीच पेज घेतली. पुढच्या दिवशी कवडीने दोन तुकडे खाल्ले. मग हळूहळू हिरड्यांवर रंग आला, आणि पाऊस ओसरू लागला तेव्हा ती पुन्हा कुंपणावर चढून बसू लागली. घरात विजिता आणि कवडी एकाच वेळी जेवत. शूर्पारकातल्या आणखी काही घरांनी मग ताटातला जनावराचा बिनमिठाचा वाटा आधी बाजूला काढायला सुरुवात केली.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा विहारातल्या एका भिक्षूला सांगितली. तो भिक्षू पात्रात येईल ते सगळे मोठ्या प्रेमाने दारातल्या मांजरीला घाली, आणि ती का खंगते हे त्याला कळत नसे. कथा संपवून शास्ता म्हणाला, "त्या जन्मी नागसिरी तूच होतास. विजिता ही आज तुझ्याशेजारी बसून ऐकणारी भिक्षुणी सुमुत्ता. कवडी म्हणजे दारातली ती मांजर. आणि सोमिल मी होतो. देताना घेणाऱ्याचे पोट ओळखावे. करुणेला प्रज्ञेची जोड हवी, ती हीच."

भिक्षूने विचारले, "आणि भद्रिल कोण होता?"

शास्त्याने त्याचे नाव सांगितले नाही. तो एवढेच म्हणाला, की पाऊस संपला, समुद्र खुला झाला, गलबते निघाली. विजिता रोज मासा उकडत राहिली, कवडी रोज जेवत राहिली. ते ताट वाळूत पालथे घालायचे राहून गेले.