रंगाऱ्यांचं पाणी, कुंभारांची माती

फार पूर्वी, जिकडेतिकडे राजेलोकांचा जमाना असताना, एका गावाने मात्र राजा ठेवला नव्हता. दरवर्षी सगळे पारावर जमायचे आणि हात वर करून कारभारी निवडायचे. गावात एक तळं होतं. त्याच्या बांधातला दरवाजा किती उघडायचा, हेही पारावर सगळ्यांसमोरच ठरायचं.

त्या तळ्यावर दोघांचं पोट होतं. रंगाऱ्यांना कापड धुवायला तळं भरलेलं हवं, आणि कुंभारांना तळाची माती काढायला ते उतरलेलं हवं. भांडणं व्हायची, पण तोंडावर व्हायची. शेवटी निम्मं पाणी सोडायचं, निम्मं राखायचं, असं ठरायचं. राखलेलं पाणी गाव उन्हाळाभर प्यायचं.

एका वर्षी कारभाऱ्यांच्या डोक्यावर नवंकोरं केशरी पागोटं दिसलं. आणि काय नवल, त्या वर्षी दरवाजा उघडलाच नाही! यंदा तळं भरलेलंच बरं, असं कारभारी म्हणाले आणि लोकांनी सवयीने हात वर केले. पागोटं कुठून आलं हे न कळायला कुंभार काही दूधखुळे नव्हते.

कुंभारांच्या म्होरक्याच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओवा खाऊन थांबणारं नव्हतं. रंगाऱ्यांची लुगडी दोरीवर वाळताना दिसली की त्याचा नुसता जळफळाट व्हायचा. आपलं चाक बंद पडलं याचं दुःख होतंच, पण त्यांचं काम चाललंय याचं जास्त. खोटं कशाला बोला, असं आपल्यालाही होतं.

त्याच्या शेजारी शेळ्या राखणारी एक म्हातारी राहायची. तिच्या पाठीशी ना कुठली जमात, ना म्होरक्या. ती त्याला म्हणाली, "अरे, पारावर उभा राहा आणि विचार, हे ठरलं कुठे? ना रंगारी ना कुंभार असे आम्ही पाचपन्नास जण तुझ्यासाठी हात वर करू. निम्मं तुझं, निम्मं त्यांचं, पूर्वीसारखं."

"निम्म्याने त्यांचं काय वाकडं होणार, आजी?" म्होरक्या म्हणाला.

आणि तो पारावर न जाता कारभाऱ्यांच्या परसदारी गेला. सोबत नक्षीचे रांजण नेले, आणि पुढल्या निवडीत कुंभारवाड्याचे सगळे हात तुमचेच, असा शब्दही दिला. कारभारी म्हणजे शेवटी जो भेटेल त्याचे. पुढच्या वर्षी त्यांना गाळ काढण्यात गावाचं हित दिसू लागलं. हात पुन्हा वर गेले. दरवाजा पुरता उघडला.

तळं रिकामं झालं. उरल्यासुरल्या डबक्यांवर कुंभारांनी माती मळली, रात्रंदिवस माठ घडवले. रंगाऱ्यांच्या दोऱ्या रिकाम्या पाहून म्होरक्याला दोन घास जास्त जाऊ लागले.

चैत्र सरता सरता विहिरी आटल्या. मग माठ घेणार कोण? घरात पाणीच नाही, तर माठात ओतायचं काय? लोक बोचकी बांधून सोयऱ्यांच्या गावी निघाले. म्हातारी शेळ्या घेऊन सगळ्यांच्या आधी गेली.

एका दुपारी रंगाऱ्यांचा म्होरक्याही निघाला. कडेवर नात होती, उन्हाने मलूल झालेली. कुंभारांच्या म्होरक्याच्या अंगणात शंभरएक माठ मांडलेले पाहून तो थांबला.

"घोटभर पाणी दे रे. पोरीच्या घशाला कोरड पडलीय."

कुंभार उठला. काही नाही हे ठाऊक असूनही त्याने एकेका माठात हात घालून पाहिला. घरात त्याची स्वतःची नातही सकाळपासून पाणी मागत होती.

"आम्ही तुझी माती अडवली," रंगारी म्हणाला.

"आणि मी सगळ्यांचं पाणी सोडलं," कुंभार म्हणाला, आणि रिकामे हात घेऊन पोरीसमोर उभा राहिला.

तात्पर्य काय, तर दुसऱ्याने परसदारातून नेलं म्हणून आपण त्याच वाटेने जाऊ नये. जे सगळ्यांचं आहे ते सगळ्यांसमोरच ठरवावं, आणि आपण हात कशासाठी वर करतोय, हे आधी विचारावं.