दोन पॉइंट जास्त

टायर बोलत आणि मिस्त्री ते ऐकून घेत, त्या काळी एका माळावर शर्यतीचा ट्रॅक होता. तिथे धावणाऱ्या लाल गाडीच्या पुढच्या डाव्या टायरला टम्म फुगून उभं राहायची भारी हौस. या गाडीचे बाबालाल मिस्त्री इथे येण्याआधी पेट्रोल पंपावर हवा भरायचे. त्या सवयीने ते रोज दोन पॉइंट जास्तच मारत. टायर खूश. त्याच्यावरचा शॉकअपही कडक करून ठेवलेला.

पण वळण आलं की गाडी बाहेर घसरे. एकदा तर ती थेट गवतात गेली. मालक म्हणाला, "उद्या घसरली तर हा टायर बदला."

मिस्त्रींनी टायरवरून तळवा फिरवला. मधला पट्टा झिजलेला, कडा मात्र कोऱ्या.

"चूक माझीच," ते म्हणाले. "तू नुसत्या पोटावर पळतोयस." सकाळी त्यांनी बरीच हवा सोडली आणि शॉकअप दोन घरं सैल केला.

"चारचौघांत मला ढिलं केलंत," टायर पुटपुटला.

"फेऱ्या मारून ये, मग बोल."

पहिल्या फेरीत त्याला लाजच वाटली. मग पळता पळता तो तापला, तशी आतली हवा आपोआप फुगली. वळणावर शॉकअप जरासा दबला आणि टायर पहिल्यांदाच कडांसकट रस्त्याला टेकला. गाडी रेघ ओढल्यासारखी वळली.

परतल्यावर मिस्त्रींनी गेज लावला. काटा टायरच्या लाडक्या, दोन पॉइंट जास्तच्या आकड्यावर उभा होता.

"फुगायला जागा ठेवली होती तुला," ते म्हणाले.

दुसऱ्या सकाळी मिस्त्री आले, तेव्हा टायरने हळूच विचारलं, "आज किती सोडताय?"