पाचशे छापे, पाचशे काटे

"सर, एखादी मुलगी भर वर्गात उलट बोलली तर तुम्ही काय करायचात?"

लीलाधरने आल्या आल्या हेच विचारलं. पायातल्या चपलासुद्धा पुरत्या काढल्या नव्हत्या.

"काय बोलली?" सर म्हणाले.

"ते नंतर सांगतो. आधी हे बघा." असं म्हणत त्याने खाटेवर लॅपटॉप उघडला.

सर म्हणजे आमचे हे. चौतीस वर्षं गणित शिकवलं. अख्खं फैजपूर त्यांना झांबरे सर म्हणतं, मग मीही सरच म्हणते. लीलाधर फिरके त्यांचा जुना विद्यार्थी. आता स्वतः नदीपलीकडच्या शाळेत आठवीला गणित शिकवतो. पोरगा हुशार, पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक. मी बाजूला बसून भरताची वांगी सोलत होते. कान मात्र तिकडेच होते.

"हा प्रोग्राम मी लिहिलाय, सर. बटण दाबलं की नाणं हजार वेळा उडतं. छापे किती, काटे किती, लगेच पुढ्यात. संभाव्यता शिकवायला याच्याइतकं सोपं काही नाही. उद्या तालुक्यातले सगळे गणिताचे शिक्षक माझा तास बघायला येणार आहेत. आवडला तर सगळ्या शाळांमध्ये हाच प्रोग्राम चालणार."

"वा, वा!" सर मनापासून म्हणाले. चष्मा पुसला आणि बटण दाबलं.

छापे पाचशे, काटे पाचशे.

सरांनी पुन्हा दाबलं.

छापे पाचशे, काटे पाचशे.

तिसऱ्यांदा दाबलं, चौथ्यांदा दाबलं. शेवटी मीही वांगी ठेवून बघायला आले. पाचशे आणि पाचशे.

सर पडद्याकडे बघत राहिले...

"लीलाधर, हे एकदाही चुकत कसं नाही रे?"

पोराचा चेहरा खर्रकन उतरला.

"सर... तीसुद्धा हेच म्हणाली."

"कोण?"

"यामिनी. जिचं आत्ता सांगत होतो ती."

"मग तू काय केलंस तिचं?" हे मी विचारलं. मला राहवेना.

"वर्गाबाहेर उभं केलं, काकू. म्हटलं, सरांपेक्षा तुला जास्त कळतं का?"

अस्सा राग आला मला! हात वांग्याने बरबटले नसते तर तिथेच कान पिळला असता त्याचा. 

लीलाधर खाली बघत बोलू लागला. "आठ दिवस झाले, सर. ती हात वर करत नाही. आधी माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर असायचा. आता मान खाली घालून मी सांगेन ते मुकाट्याने उतरवून घेते. माझ्यावरचा विश्वासच उडालाय तिचा. उद्याचा तास कसाही होवो, पण मला ती पोरगी पहिल्यासारखी हवीय."

"पाचशेचं काय?"

"पहिल्या दिवशी खरंच उडवलं होतं. पाचशे एकवीस छापे आले. पोरं खो खो हसली. म्हणाली, सर, तुमचं मशीन बिघडलं, पुस्तकात तर निम्मे-निम्मे म्हटलंय! मला लाज वाटली... घरी जाऊन प्रोग्राममध्ये दोन ओळी घातल्या. काही झालं तरी पाचशेच दाखवायचे."

सर गुडघ्यावर हात टेकत उठले. आत गेले. कपाटाचं दार करकरलं. बाहेर आले तेव्हा हातात एक पिवळी पडलेली लांबट वही होती. या वह्यांवरून आमचं दर दिवाळीला वाजतं. मी रद्दीत टाकते, हे हळूच काढून आणतात.

एक पान उघडून त्यांनी ती लीलाधरपुढे ठेवली. चाळीस पोरांची नावं. प्रत्येकाने वीस-वीस वेळा नाणं उडवलेलं आणि नावापुढे छाप्यांच्या ताळ्याच्या खुणा, चार उभ्या रेघा आणि त्यांवर पाचवी आडवी.

लीलाधर बोट फिरवत आपल्या नावापर्यंत आला.

फिरके लीलाधर. छापे सोळा.

"अरे देवा, हे ठेवलंत तुम्ही?" तो हसला आणि हसता हसता थांबला. "सगळी पोरं मला लबाड म्हणाली होती, सर. मधल्या सुट्टीत मी रडत तुमच्याकडे आलो होतो. म्हटलं, माझे दहा करा ना..."

"केले मी?"

"नाही. तुम्ही म्हणालात, पडले तेवढेच राहतील. आणि सगळ्या वर्गाची बेरीज मलाच फळ्यावर करायला लावलीत."

"किती आली?"

लीलाधरने पानाच्या तळाशी बघितलं. "आठशेपैकी चारशे सात."

"तुझे सोळा धरून?"

"माझे सोळा धरून."

डोळे पुसत रडत आलेला तो एवढासा लीलाधर माझ्या डोळ्यांपुढे आला. त्याची फार माया वाटली. खरं सांगायचं तर या मोठ्याचीही वाटली.

त्याने लॅपटॉप पुढ्यात ओढला. काहीतरी शोधलं आणि त्या दोन ओळी पुसून टाकल्या. मग बटण दाबलं.

छापे चारशे अठ्ठ्याऐंशी.

पुन्हा दाबलं. पाचशे नऊ.

पुन्हा. पाचशे तीस.

त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"सर, उद्या सगळा तालुका समोर बसलेला असणार. तेव्हाही असंच काहीतरी भलतं आलं तर?"

सरांनी वही मिटली.

"बटण कोण दाबणार आहे?"

"मीच. दुसरं कोण?"

"यामिनीला दाबू दे."